पेज उघडंना, शालनला विचारा

शालन,

तुझा फोन मी अजून चालू ठेवलाय. तेरावं झालं, पाहुणे गेले, मनीषा पुण्याला जाताना म्हणाली, "पप्पा, आईचा फोन बंद करून टाका, तुम्हालाच त्रास होईल." मी हो म्हणालो आणि केला नाही. काल सकाळी साडेदहाला तो वाजला. पलूसकडची कुणी बाई होती. मी काही बोलायच्या आतच तिची सुरुवात झाली, "मावशी, शिष्यवृत्तीचं पेज निस्तं पांढरं पडतंय बगा. काय करू?"

मी तुझ्या स्टुलावर बसलो. सांगायचं ते सांगायला हवं होतं, पण तोंडातून वेगळंच निघालं. "दुसरी कुठली साईट उघडती का, ते बघा आधी."

 बटणं दाबल्याचा आवाज आला. "उघडती की. बातम्यांची उघडली."

"मग तुमचं नेट बरोबर हाय. आता त्याच पेजचा पत्ता गुप्त खिडकीत, इन्कॉग्निटोत, टाका."

तिथं पेज उघडलं. बाई आनंदली आणि मग तिच्या ध्यानात आलं. "आवं, तुमी कोण? मावशी कुठं हायत?" मी सांगितलं.  मग ती म्हणाली, "मला त्यांनी दोनदा शिकवलं हुतं हेच. तिसऱ्यांदा इचारायला लाज वाटत हुती, तरीबी केला फोन. त्या कवा रागवायच्या न्हाईत म्हणून."

फोन ठेवल्यावर वाटलं, तुला लिहावं. तुझ्याशी बोलताना मी असली शाळेतली भाषा कधी बोललो नाही, तू हसशील. पण कागद पुढं आला की मला अशीच येते. फौजेत चोवीस वर्षं रिपोर्ट लिहिले, त्याची सवय.

तू गेल्यावर घरी आलेला प्रत्येक जण मला तुझ्या स्वयंपाकाबद्दल, तुझ्या स्वभावाबद्दल सांगत होता. मी मान हलवत होतो. पण माझ्या मनात सारखा तो लॅपटॉप येत होता. मनीषानं स्वतःचा जुना लॅपटॉप आपल्याला आणून दिला, तो तुझ्यासाठी नव्हता. पप्पा सिग्नलमध्ये होते, वायरलेस चालवायचे, त्यांना जमेल, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. मी तो दिवाणखान्यात टेबलावर मांडला आणि तुला सांगितलं, "ह्याला हात लावू नगंस, बिघडंल." तू पदराला हात पुसत लांबूनच बघितलंस आणि आत गेलीस.

दोन महिने मी त्याच्यावर राज्य केलं. मग एका सकाळी सातबारा काढायला बसलो आणि पडद्यावर लाल त्रिकोण आला. 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही.' तुला माझी अवस्था आठवते? सिग्नलचा माणूस मी. आमच्या कानावर पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घातलेली, की कुणीतरी ऐकत असतं. मी सरळ लॅपटॉप बंद केला, वायर काढली आणि लोखंडी कपाटात वर्दीच्या खाली ठेवून कुलूप लावलं. तुला सांगितलं, "कुणीतरी आपल्या लाईनवर बसलंय." तू म्हणालीस, "आपल्या सातबाऱ्यात कुणाला काय एवढं बघायचंय?" मी तुझ्यावर डाफरलो.

चार दिवसांनी मी उसाला पाणी पाजून आलो तर लॅपटॉप टेबलावर उघडा आणि तू खुर्चीत बसलेली. माझ्याच कपाटाची किल्ली माझ्याच खिशातून काढून घेतली होतीस. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "आवं, ह्याचं घड्याळ मागं पडलंय."

"लॅपटॉपला कुठलं आलं घड्याळ?"

"ह्या कोपऱ्यात बगा. हितं जी तारीख हाय ना, त्या साली आपल्या मनीषाचं लगीनसुद्धा झालं नव्हतं."

त्या लाल त्रिकोणाखाली बारीक अक्षरात 'प्रगत' असं लिहिलेलं होतं. मी ते बघितलंही नव्हतं. तू ते उघडलंस, आतलं सगळं वाचलंस, घड्याळाबद्दल एक ओळ होती ती शोधलीस, आणि दीड तास खटपट करून तारीख नीट केलीस. पेज उघडलं. आपला सातबारा पडद्यावर होता. वीज गेली आणि आतली छोटी बॅटरी संपलेली असली की घड्याळ मागं पडतं, आणि तारीख चुकली की ब्राउझर समोरच्या साईटवर विश्वास ठेवत नाही, हे आपल्याला नंतर मनीषानं फोनवर समजावलं. ती मला विचारत होती, "पप्पा, तुम्ही कसं शोधून काढलंत?" आणि मी, शालन, मी म्हणालो, "बघितलं जरा." तू शेजारीच भाजी निवडत बसली होतीस. तू निवडतच राहिलीस.

ही एक गोष्ट मी तुझ्याजवळ कधी कबूल केली नाही. आता करतो.

त्यानंतर तू मला प्रश्न विचारायला लागलीस. मला वाटायचं, माझ्या फौजेतल्या गोष्टी ऐकायच्यात. "तुमच्या वायरलेसवर निरोप आला न्हाई तर तुमी काय करायचा?" मी रंगात येऊन सांगायचो. आधी आपला सेट बघायचा, बॅटरी आहे का, तार लागलीय का. आपलं बरोबर असेल तर मधली वाट बघायची, हवा कशी आहे, डोंगर आडवा येतोय का. तीही बरोबर असेल तरच पलीकडच्याला दोष द्यायचा. तू ते सगळं उचललंस. पुढं तू लोकांना सांगायचीस, "तीन ठिकाणं बगायची. आपलं, वाटंतलं आनि तिकडचं." आपलं म्हणजे लॅपटॉप आणि ब्राउझर, वाटेतलं म्हणजे नेट, तिकडचं म्हणजे त्या साईटचा सर्व्हर. मी कौतुकानं म्हणालो होतो, "हे माझं हाय." तर तू म्हणालीस, "तुमचं कशापायी? शिलाई मशीन चालवून माझी तीस वर्सं गेली. दोरा तुटला तर मशीनला शिव्या घालत न्हाईत, पहिल्यापासनं परत ओवत्यात. मला हे आधीपासनंच येत हुतं."

ह्यावर आपण किती भांडलो! जेवताना, शेतात, मनीषाकडं जाताना एसटीत. मी म्हणायचो वायरलेस, तू म्हणायचीस शिलाई मशीन. मिटलं नाहीच ते. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडत बसतो, आणि हल्ली जास्त वेळा तूच जिंकतेस.

लोक यायला लागले ते हळूहळू. आधी शेजारची, मग बचत गटातली, मग खालच्या आळीची, मग विट्याहून, पलूसहून. गावात कुणाचं काही अडलं की म्हणायचे, "पेज उघडंना? शालनला विचारा." तू एक नियम केला होतास. ज्याचा फॉर्म त्यानंच खुर्चीत बसायचं, तू बाजूच्या स्टुलावर. माऊस तू हातात घ्यायची नाहीस. "जेचा फॉर्म, तेचा हात." पडद्यावर जे आलंय ते त्याच माणसाला मोठ्यानं वाचायला लावायचीस. कुणी म्हणालं, "मावशी, एरर आलाय," की तू म्हणायचीस, "एरर म्हंजे काय? लिवलंय काय ते वाच." इंग्रजीत असलं तर एकेक शब्द फोनमध्ये टाकून अर्थ बघायचा. मला हे फार वेळखाऊ वाटायचं. मी म्हणायचो, "तूच दाब आनि मोकळी हो." तू ऐकलं नाहीस. पान सापडलं नाही म्हणजे पत्ता चुकलाय, वेळ संपली म्हणजे पुन्हा आत शिरायचं, सर्व्हर चुकला म्हणजे तिकडचं दुखणं, हे आज आपल्या गावात शेळ्या राखणारी बाईसुद्धा सांगते. सेवा केंद्रातल्या 'सर्व्हर डाऊन हाय, उद्या या' ह्या वाक्याचा तुला जेवढा राग होता तेवढा मला शत्रूचा नव्हता. "बगितलं तरी का त्यांनी? न बगताच कसं म्हणत्यात डाऊन?"

सुभेदार साहेब आले होते तो दिवस तुला आठवतो? कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. पासपोर्टचा फॉर्म भरून झालेला, पण पावती दिसत नव्हती. तीन ठिकाणी जाऊन आले होते. तू त्यांनाही खुर्चीत बसवलंस, वर पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला एक बारीक खूण दाखवलीस आणि म्हणालीस, "साहेब, पावती नव्या खिडकीत उघडती. ब्राउझरनं ती खिडकी अडवून ठेवलीया. हितं परवानगी द्या." पावती आली. साहेब उठून उभे राहिले आणि तुला म्हणाले, "थँक यू, मॅडम." तू चहा ठेवते म्हणून आत पळालीस. ते गेल्यावर मी काय म्हणालो ते तू विसरली असशील. मी नाही विसरलो. "दहावी झाल्याली बाई, आनि सायबाला शिकवती." हसत म्हणालो, पण हसणं खरं नव्हतं. मला बोचत होतं. माझ्या रेजिमेंटचा माणूस माझ्या घरी आला आणि मदत तुझी घेऊन गेला. शालन, मी तेव्हा जळत होतो. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

आता पार्वतीचं लिहितो. कारण ते लिहिल्याशिवाय हे सगळं खोटं होईल.

मल्लाप्पा माझ्याबरोबर एकाच तुकडीत होता. जत तालुक्यातला, कर्नाटकच्या हद्दीजवळचा, घरात कानडी बोलणारा. मेंढरं राखणाऱ्या घरातनं फौजेत आलेला. निवृत्त झाल्यावर चार वर्षांत गेला. त्याची बायको पार्वती आणि मुलगी भाग्यश्री. भाग्यश्रीला नर्सिंगला जायचं होतं. अर्जाचा शेवटचा दिवस आणि जतच्या केंद्रात तीन दिवस एकच उत्तर, सर्व्हर डाऊन. आदल्या संध्याकाळी पार्वतीचा मला फोन आला. मी तुला विचारलंही नाही. छाती पुढं काढून म्हणालो, "या माझ्याकडं. मी बघतो."

मी. 'शालन बघंल' असं नाही म्हणालो.

पहाटेच्या गाडीनं निघून, दोन एसट्या बदलून त्या अकराला आल्या. तू त्या दिवशी डोळे तपासायला पलूसला गेली होतीस. पाचला अर्ज बंद होणार होता. मी म्हटलं, शालनची वाट कशाला बघायची? भाग्यश्रीला बाजूला बसवलं आणि खुर्चीत मी बसलो. फॉर्म भरला. माहिती सगळी तिच्या फोनमध्ये होती, ती तिनं मेलनं लॅपटॉपवर घेऊन तशीच उचलून चिकटवली. मी शेवटचं बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. काही नाही. मग मी दाबत सुटलो. रिफ्रेश, बटण, रिफ्रेश, बटण. फौजेत खराब सेटला मारतात तशी टेबलावर थाप मारली. आणि मग पडद्यावर आलं की खूप वेळा प्रयत्न झालेत, थोड्या वेळाने पुन्हा या. आतून बाहेर काढलं मला. दीड वाजला होता. पार्वती दारात बसून माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "भावजी, झालं काय?" मी म्हणालो, "होतंय." माझ्या कपाळावर घाम होता.

तू दोनला आलीस. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळं बारीक डोळे करून बघत होतीस. एका नजरेत तुला कळलं. तू मला विचारलंस, "किती येळा दाबलं?" मी खुर्चीतून उठलो. तू समजलीस. आणि बाहेर जाऊन पार्वतीला सांगितलंस, "पार्वती, साईटनंच जरा थांबायला सांगितलंय. तवर जेवून घेऊ."

तू माझं नाव घेतलं नाहीस. आजपर्यंत त्या मायलेकींना माहीत नाही की तो सव्वा तास कुणी घालवला.

भाकरी टाकल्यास, वांग्याचं केलंस. पार्वती भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवत होती. तू तिला म्हणालीस, "जेव गं. पाच वाजायला लय येळ हाय." घड्याळाकडं तू एकदाही बघितलं नाहीस, मी दर मिनिटाला बघत होतो. पावणेतीनला तू स्टुलावर बसलीस आणि खुर्ची भाग्यश्रीला दिलीस. डोळ्यांतल्या औषधामुळं तुला अक्षरं दिसतच नव्हती, त्या दिवशी तर तुझा नियम पाळण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. ती पोर वाचत होती आणि तू डोळे मिटून ऐकत होतीस.

आधी गुप्त खिडकीत पेज उघडायला लावलंस. तिथं बटण वेगळंच दिसलं. तू म्हणालीस, "म्हंजे आपल्या ब्राउझरनं जुनं पेज धरून ठेवलंय. त्यांनी बदललं, ह्याला पत्ताच न्हाई." फक्त त्या एका साईटचं साठवलेलं पुसायला सांगितलंस, बाकी कशाला हात लावू दिला नाहीस. मग पुन्हा आत शिरून, भाग्यश्रीनं तीच माहिती परत चिकटवून फॉर्म भरला. भाग्यश्रीनं बटण दाबलं. ह्या वेळी पेज हललं, चाक फिरलं आणि उत्तर आलं. 'काहीतरी चुकले आहे.' बस, एवढंच.

भाग्यश्री रडायला लागली. मी म्हणालो, "संपलं. सर्व्हर." आणि तू माझ्याकडं अशी वळलीस की मी मागं सरकलो.

तू विट्याच्या केंद्रवालीला फोन लावलास. "संगीता, तुझ्याकडं नर्सिंगचं चाललंय का?" ती म्हणाली, आत्ताच दोन फॉर्म गेले. फोन ठेवून तू म्हणालीस, "तिकडचं चालू हाय. वाट चालू हाय. म्हंजे आपल्याच फॉर्ममधी काहीतरी हाय. भाग्या, एकेक रकाना वाच. नाव वाच. अक्षर अक्षर वाच."

पार्वती म्हणाली, "अक्का, साडेतीन झाले."

"होऊ देत."

नाव झालं. वडिलांचं नाव झालं. जन्मतारीख झाली. पत्ता वाचताना ती शेवटी अडखळली. "काकू, हितं शेवटी एक टिंबासारखं काहीतरी हाय." मी चष्मा लावून वाकलो. टिंब नव्हतं, कानडी अक्षर होतं, अर्धंमुर्धं. तिच्या फोनमध्ये कानडी कीबोर्ड होता, पत्ता तिकडून उचलताना ते एक अक्षर शेपटीला चिकटून आलं होतं. जतच्या केंद्रातही तिनं तसंच चिकटवलं होतं. तीन दिवस एका अक्षरापायी त्या पोरीचं सगळं अडलं होतं आणि ते पेज सांगायला तयार नव्हतं.

"सगळा पत्ता पूस," तू म्हणालीस. "आनि हातानं लिव."

चार वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला. क्रमांक आला. भाग्यश्रीनं तो तीनदा वाचून दाखवला. पार्वतीनं तुझे दोन्ही हात धरले आणि कानडीत काहीतरी बोलत राहिली, तुला त्यातलं अक्षर कळलं नाही आणि तू "व्हय, व्हय" म्हणत राहिलीस. मी बाहेर जाऊन जनावरांना उगाच वैरण टाकली. सकाळीच टाकली होती.

त्या गेल्यावर मला वाटलं आता तू आडवी होशील. तू मला म्हणालीस, "तुमी बसा आता खुर्चीत. माझं डोळं काम दीना. मी सांगते ते लिवा." आणि तू त्या साईटच्या मदत विभागाला पत्र सांगितलंस. मी वैतागलो. "कोण वाचतंय असली पत्रं? आपलं काम झालं न्हवं?"

"आपलं झालं. बाकीच्या पोरींचं?"

"बाकीच्या पोरींचं तुला काय?"

 तू म्हणालीस, "तुमच्या फौजेतल्या रिपोर्टावानी लिवा. किती वाजता, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला पायजे हुतं." मी तसं लिहिलं. आयुष्यात मी शेकडो रिपोर्ट लिहिले, त्यातला हा सर्वांत चांगला, आणि तो तुझ्या तोंडचा. शेवटी तू एक वाक्य सांगितलंस. 'पोरांना चुकलंय एवढंच सांगू नका, कुठं चुकलंय ते सांगा.' मी म्हणालो, असं सरकारी पत्रात लिहीत नाहीत. तू म्हणालीस, "लिवा."

महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं, सुधारणा केली आहे, आभार. मी ते तुला वाचून दाखवलं आणि म्हणालो, "असं सगळ्यांनाच पाठवत असतील." पुढच्या वर्षी तोच अर्ज भरायला खालच्या आळीची मुलगी आली. तू मुद्दाम तिला पत्त्यात चुकीचं अक्षर टाकायला लावलंस. त्या रकान्याखाली लाल अक्षरात ओळ आली, 'पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरे व अंक लिहा.' तू ती ओळ बघत बसलीस. मी मागं उभा होतो. मला तेव्हा तुझ्या पाठीवर हात ठेवायचा होता. म्हणायचं होतं, शालन, ही ओळ तुझी आहे. कुठल्या कुठल्या गावातल्या पोरी ही ओळ वाचतील, आपला पत्ता दुरुस्त करतील आणि पुढं जातील, आणि त्यांना तुझं नाव कधी कळणार नाही. मी म्हणालो, "चहा टाकतीस का?"

तू टाकलास. तू आनंदात होतीस, तुला माझ्या बोलण्याची गरज नव्हती. गरज मला होती.

भाग्यश्री आता सांगलीत एका दवाखान्यात नर्स आहे. शेवटच्या दुखण्यात पंधरा दिवस तू तिथंच होतीस, आणि ड्युटी संपली की ती तुझ्या खाटेजवळ यायची. तुझी नस सापडत नव्हती तेव्हा दुसऱ्या नर्सला बाजूला करून ती म्हणाली, "काकूंना मी टोचते." हळूच, एका प्रयत्नात टोचली. तू तिला म्हणालीस, "घाई केली न्हाईस, बरं केलंस." मी त्या पोरीच्या तोंडाकडं बघत होतो. तुला ती सुई दुखली नाही ह्याचं श्रेय मी तुलाच देतो.

डॉक्टर हृदयाचं काय काय सांगत होते. मला एवढंच कळलं की ह्या वेळी आपल्या बाजूचं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मी भाग्यश्रीला विचारलं, ती खोटं बोलली नाही. मला शेजारी बसवून तिनं सगळा कागद वाचून दाखवला, एकेक ओळ. त्यामुळं तुला घरी आणल्यावर मी तुझ्याजवळ शेवटचे दोन दिवस शांत बसू शकलो. नाहीतर तुला माहीत आहे, मी दवाखान्यातही टेबलावर थापा मारल्या असत्या.

परवा तुझ्या मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेलो. रेश्मा ऑपरेटर होती, आपल्या शंकरची सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला तिथली नोकरी लागली, आणि पहिले तीन महिने दर दोन दिवसांनी तुझ्याकडं यायची. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि भरायला लागली. नाव, वय, पत्ता. मी सांगत होतो, ती टाईप करत होती. मग व्यवसायाचा रकाना आला. तिनं काही विचारलं नाही, सवयीनं 'गृहिणी' निवडलं.

"थांब," मी म्हणालो.

तिनं माऊसवरचा हात काढला.

"हे बदल."

"काय लिवू, काका?"

आणि मला सांगता येईना. आयुष्यभर कुणी विचारलं, वहिनी काय करतात, की मी म्हणायचो, काही नाही, घरीच असते. दुसरा शब्द मी कधी तयारच केला नव्हता.  रेश्मानं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. तिनं यादी उघडली, खाली खाली गेली, शिक्षिका, परिचारिका, शेतकरी, आणि एका जागी थांबली. "काका, हे बगा. संगणक तंत्रज्ञ."

मागं रांगेत उभा असलेला एक जण म्हणाला, "असं कसं? कुठं नोकरीला हुत्या का त्या?"

रेश्मा वळून म्हणाली, "मला हे काम कुणी शिकवलं, म्हायती हाय का तुमाला?"  मग ती मला म्हणाली, "काका, निवडू?"

मी म्हणालो, "निवड."

शालन, ती नोंद खोटी म्हणणारा माणूस ह्या तालुक्यात असेल तर त्यानं माझ्या समोर यावं.

रेश्मानं विचारलं, दाखल्याच्या किती प्रती लागतील. बँकेला एक, मनीषाला एक, गॅसच्या नावबदलाला एक, असं मी मोजलं. मग म्हणालो, दाखल्यावर व्यवसाय छापत नाहीत, तर ह्या भरलेल्या नोंदीचीही एक प्रत काढ. ती कशाला, असं तिनं विचारलं नाही. चौथी प्रत मी आपल्या दिवाणखान्यात लावली आहे, आल्यागेल्याला बसल्या जागेवरून वाचता येईल अशी. काल सुभेदार साहेब भेटायला आले होते. ते ती वाचत उभे राहिले, आणि मी त्यांना पहिल्यांदा म्हणालो, "साहेब, माझ्या बायकोचं काम हे होतं."